हॅम रेडिओला एकदा खेळाच्या पानावर घ्या की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना काढून हौसेने वायरलेसवर जगाशी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांवर, अर्धं पान आलं होतं. वाचून बरं वाटलं, आमच्या ग्रुपवर दिवसभर त्याचाच फोटो फिरत होता. पण एक तक्रार आहे, आणि ती तुमच्या एकट्याच्या पेपराबद्दल नाही, सगळ्यांबद्दलच आहे. आमच्यावर काहीही छापायचं झालं की त्यात पूर, भूकंप, त्सुनामी ठरलेलं. मोबाइल बंद पडले आणि हॅम मदतीला धावले, एवढीच बातमी. नाहीतर मग दुसरी ती म्हणजे अमुक ठिकाणी संशयास्पद वायरलेस सेट सापडला. म्हणजे आम्ही एकतर देवदूत नाहीतर हेर, मधलं काही नाहीच. आता खरं सांगू का, वर्षातले बहुतेक दिवस आम्ही या दोन्हीतलं काहीच नसतो. आम्ही खेळत असतो. घड्याळ लावून, पॉइंट मोजून खेळतो, निकाल लागतात, नंबर येतात, लबाडी केली तर बादही करतात. आणि याच्याबद्दल मराठी पेपरात एक ओळ येत नाही म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण मधला पॉइंटांचा हिशोब ठेवा प्लीज, मजा त्यातच आहे.

सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे सीक्यू वर्ल्डवाइड, १९४८ पासून चालू आहे. ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार बोलण्याचा म्हणजे एसएसबीचा, आणि नोव्हेंबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार मोर्सचा. ग्रीनिचच्या घड्याळाने चालतं सगळं, त्यामुळे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू आणि सोमवारी पहाटे साडेपाचला बंद, ४८ तास सलग. या वेळात जगातल्या जास्तीत जास्त स्टेशनांशी, जास्तीत जास्त देशांशी बोलायचं. बोलायचं म्हणजे काय, हवापाणी नाही विचारायचं. समोरचा त्याचा कॉलसाइन (रेडिओवरची त्याची ओळख) सांगणार, तुम्ही म्हणणार "फाइव्ह नाइन टू टू", तो म्हणणार "थँक्यू, फाइव्ह नाइन वन फोर", झालं. लॉगमध्ये एंटर मारायचा आणि पुढचा. फाइव्ह नाइन म्हणजे तुझा सिग्नल एकदम कडक येतोय, आणि टू टू म्हणजे आमचा झोन. जगाचे ४० झोन पाडलेत त्यातला २२ नंबर आपला, भारत श्रीलंका नेपाळ भूतान बांगलादेश मालदीव असा. (अंदमान मात्र २६ मध्ये, थायलंड आणि म्यानमारबरोबर.) यातली गंमत म्हणजे सिग्नल कसाही असला तरी सगळे फाइव्ह नाइनच देतात. तीन-तीनदा "अगेन? अगेन?" करून कॉलसाइन कसाबसा कळलेला असतो आणि त्याच माणसाला पुढच्या सेकंदाला सांगायचं की बाबा तुझा सिग्नल फर्स्ट क्लास येतोय. याच्यावर चिडणारे जुने हॅम आहेत. मला पण ते पटतं, पण स्पर्धेत ती रीतच पडलीय, कोण बदलणार.

आता पॉइंट. दुसऱ्या खंडातलं स्टेशन मिळालं तर ३ पॉइंट. आपल्याच खंडातला दुसरा देश असेल तर १. आणि आपल्याच देशातला असेल तर शून्य! म्हणजे पुण्याचा हॅम इतक्या प्रेमाने हाक मारतोय आणि त्याला घेऊन पॉइंट काही नाही, फक्त देश आणि झोन म्हणून एकदा मोजला जातो, त्यानंतर मग नमस्कार-चमत्कार स्पर्धा संपल्यावर. यामुळे आपल्याकडून खेळणाऱ्याचं डोकं वेगळं चालायला लागतं. जपानमध्ये हॅम ढिगाने, सिग्नल दणदणीत, ऑपरेटर शिस्तीचे, एकामागून एक घेत बसावंसं वाटतं, पण जपान पडला आशियात म्हणजे प्रत्येकी १ पॉइंट. तोच वेळ युरोपवर घातला तर प्रत्येकी ३. रशियावाला आला की आधी बघायचं हा मॉस्कोकडचा का सायबेरियातला, मॉस्कोचे ३ आणि सायबेरियाचा १. सायप्रस ऐकताना युरोप वाटतो पण यादीत आशिया, १. ऑस्ट्रेलिया मात्र ३. आणि ही सगळी बेरीज झाली की तिला गुणायचं मल्टिप्लायरने, म्हणजे प्रत्येक बँडवर (लहरींच्या लांबीवरून पाडलेले पट्टे ते) किती वेगळे देश आणि किती वेगळे झोन मिळाले त्या आकड्याने. १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर असे सहा बँड असतात. त्यामुळे आफ्रिकेतलं एखादं नवं स्टेशन, ज्याच्यासाठी वीस मिनिटं घसा फोडला, ते कधीकधी युरोपच्या दहाबारा स्टेशनांपेक्षा भारी पडतं, कधीकधी नाही पडत, आणि ते तिथल्या तिथे ठरवायचं असतं की याच्यामागे लागू का सोडून देऊ. यालाच मी खेळ म्हणतो. नुसती बटणं फिरवणं नाहीये ते.

त्यात परत बँड उघडण्याच्या वेळा. सकाळी ऊन वर आलं की १० आणि १५ मीटरवर पूर्वेकडचे लोक येतात, जपान, ऑस्ट्रेलिया. दुपार कलली की तोच बँड पश्चिमेला वळतो आणि युरोप फुटतो अक्षरशः, एकावर एक पन्नास लोक ओरडतायत आणि तुम्हाला त्यातून एक कॉलसाइन उचलायचाय. संध्याकाळी तिकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ होते तेव्हा ते लोक. कॅलिफोर्निया आपल्याला सगळ्यात अवघड, उत्तर ध्रुवावरून जावं लागतं सिग्नलला. रात्री ४० आणि ८० मीटर. सूर्यावर डाग जास्त असले की वरचे बँड मस्त चालतात, अकरा वर्षांचं चक्र असतं ते, २०२४ च्या ऑक्टोबरात नासा आणि नोआने (अमेरिकेची हवामान संस्था) जाहीरच केलं होतं की सूर्य कळसाच्या काळात आलाय, तेव्हापासून १० मीटरवर नवीन पोरांनी पाच-दहा वॅटवर जे युरोप केलेत ते बघून जुने लोक जळतात. आणि एखादा मोठा सौरझोत आला तर उजेडाच्या बाजूचा सगळा बँड पाच मिनिटांत मेल्यासारखा होतो, रेडिओ बिघडला का म्हणून माणूस वायर तपासत बसतो.

लबाडीचं म्हणत होतो. स्पर्धा संपली की पाच दिवसांत लॉग पाठवायचा. मग कॉम्प्युटर हजारो लोकांचे लॉग एकमेकांशी ताडून बघतो, मी लिहिलंय की अमुकशी अमुक वेळी बोललो तर त्याच्या लॉगमध्ये मी आहे का. एक अक्षर चुकीचं टिपलं तरी ते पॉइंट गेले आणि वर दंड. पहिल्या नंबरांच्या आसपास येणाऱ्याला पूर्ण वेळेचं ऑडिओ रेकॉर्डिंग मागू शकतात. आता मला सांगा, आपल्याकडच्या किती स्पर्धांत एवढी तपासणी होते? तालुक्याच्या कबड्डीत पंचाशी कशी भांडणं होतात ते तुमच्याच पेपरात येतं.

आता घरून खेळायची अडचण. पहिली अडचण सण. ऑक्टोबरचा शेवट म्हणजे कधी दिवाळी नुकतीच झालेली असते नाहीतर तोंडावर आलेली, आणि २०१९ ला तर लक्ष्मीपूजन नेमकं स्पर्धेच्या रविवारी, २७ ऑक्टोबरला. त्या वर्षी कुणाकुणाच्या घरी काय काय झालं ते इथे लिहीत नाही. दुसरी अडचण सोसायटी. गच्चीवर वायर बांधली की कमिटीत विषय येतो, रेडिएशन होतं म्हणे, आणि हे म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या खिडकीसमोर मोबाइल टॉवर असतो. पण खरी अडचण तिसरी आहे, नॉइज. स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर एसी, गच्चीवरच्या सोलरचे इन्व्हर्टर, दिवाळीच्या लायटिंगच्या माळा, हे सगळं शॉर्टवेव्हवर घरघर करत असतं. माझ्या घरी संध्याकाळी २० मीटर लावला तर काहीही सिग्नल नसताना सिग्नलची ताकद दाखवणारा काटा एस ७ च्या खाली येत नाही. म्हणजे त्याच्या खाली जेवढे लोक जगातून बोलतायत ते माझ्यासाठी नाहीतच. लाखाच्या घरातला रिग (रेडिओ सेट) घ्या नाहीतर दोन लाखांचा, शेजारच्याचा बल्ब त्याला पुरून उरतो.

म्हणून मग पोर्टेबल. सामान पाठीवर टाकायचं आणि जिथे लाइट नाही तिथे जायचं. आमच्या साताऱ्यात त्याला तोटा नाही, पाटणकडे असे कितीतरी सडे (कातळाची पठारं) आहेत, फक्त पवनचक्क्यांपासून लांब बसायचं कारण त्यांचा पण आवाज येतो रेडिओवर, म्हणजे पात्यांचा नाही, खालच्या इलेक्ट्रॉनिक्सचा. सड्यावर झाड नसतं ही अडचण. कोकणात आमचे मित्र आंब्यावर दगडाला दोरी बांधून फेकतात आणि त्यावर वायर ओढतात, इथे जांभ्याच्या कातळात मेखसुद्धा ठोकता येत नाही. मग दहा मीटरचा फायबरचा घडीचा पोल, मासे पकडायच्या काठीसारखा एकात एक जाणारा, तो दगडांचा ढीग रचून त्यात उभा करायचा, तीन बाजूंनी दोऱ्या ओढून दगडांनाच बांधायच्या, आणि शेंड्यावरून वायर उलट्या व्ही सारखी दोन बाजूला खाली आणायची. वायरचं माप ठरलेलं, १४३ भागिले मेगाहर्ट्झ बरोबर मीटर. २० मीटर बँडला दोन्हीकडे पाच-पाच मीटर येते, ४० ला दहा-दहा, आणि १० मीटर बँडला तर अडीच-अडीच मीटरच, ती एकटा माणूस दहा मिनिटांत उभी करतो. कापताना थोडी जास्त ठेवायची, मग मीटर लावून एसडब्ल्यूआर (वायर बँडला किती जुळलीय तो आकडा) बघत बघत टोकं दुमडत जायची. जमिनीच्या जवळ आली, गवत ओलं असलं, की माप बदलतं, त्यामुळे घरी गच्चीत एकदम बरोबर लागलेली वायर सड्यावर परत जुळवावी लागतेच.

बॅटरीचं गणित लोकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. १०० वॅटचा रिग पूर्ण ताकदीने बोलताना वीसेक अँपिअर ओढतो. पाठीवर वाहून नेलेल्या बॅटरीला ते परवडत नाही. पण १०० वरून २५ वॅटवर आलं तर समोरच्याकडे सिग्नल किती कमी होतो? ६ डेसिबल, म्हणजे मीटरवर फक्त एक घर. बॅटरीची वीज बरीच वाचली आणि समोरच्याच्या काट्यावर एक घर गेलं. आणि आपल्याकडचा नॉइज तर घरच्यापेक्षा पाच-सहा घरं खाली आलेला असतो. त्यामुळे २० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी पाच-सहा तास आरामात जाते. पूर्वी हेच काम यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्या वाहून करायचो, पाठ अजून आठवण काढते.

पहिल्यांदा हेडफोन लावून सड्यावर बँड ऐकला की काय वाटतं ते सांगणं अवघड आहे. काटा शून्याजवळ झोपलेला, आणि तरी कुठूनतरी बारीक आवाजात कुणीतरी पोर्तुगीज हाक मारतोय, ते घरी जन्मात ऐकू आलं नसतं. आम्ही असेच बसलेलो असताना एक म्हशीवाले मामा आले, काठी टेकून बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "काय वो, रेंज येती का हितं? आमच्या मोबाइलला तर कांडीबी न्हाय." म्हणलं मामा याला रेंज लागत नाही, थेट बोलतोय, इटलीवाला आहे. हेडफोन त्यांच्या कानाला लावला. नीट ऐकलं त्यांनी, आणि पहिला प्रश्न काय विचारावा, "ह्येचं बिल किती येतंय?" शून्य म्हणल्यावर त्यांचा विश्वास बसेना, मग खाली बसलेच ते, आणि एकेक स्टेशन आलं की "ह्यो कुटला?" करत तासभर थांबले, म्हशी तोपर्यंत पार पलीकडच्या उताराला. आमच्या घरच्यांनी पण कधी एवढा इंटरेस्ट घेतलेला नाही.

पण सगळे मामा नसतात. एका डोंगरावर आम्ही पोल उभा केला आणि खालच्या गावातून कुणीतरी फोन केला, डोंगरावर वायरलेस लावून बसलेत म्हणून. पोलीस वर आले. त्यांचं काहीच चुकलं नाही, यायलाच पाहिजे त्यांनी. लायसन्सची कॉपी आणि आधार सोबत असतंच, दाखवलं, फोटो काढून वर पाठवला, तासाभराने सोडलं, त्यातला एक तर पोराला परीक्षेला बसवायचंय म्हणून माहिती घेऊन गेला. तास गेला, स्पर्धेतला ऐन युरोपचा तास गेला ते वेगळं. पण माझं म्हणणं हे की ज्याने फोन केला त्याने आयुष्यात हॅम रेडिओबद्दल जे काही वाचलं असेल ते हेरगिरीच्या बातमीतच वाचलं असणार. त्यात २०२५ ला ऑनलाइन साइटवर विनापरवाना वॉकीटॉकी विकल्याबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा काढल्या, ते चांगलंच झालं, पण बातम्या अशा आल्या की अँटेना दिसली की गुन्हा. अहो आम्ही सरकारची परीक्षा देऊन बसलोय. दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसीची (वायरलेसचा विभाग) परीक्षा असते, बारा वर्षं पूर्ण झालेलं पोरगं पण देऊ शकतं, थिअरी आणि नियम असे पेपर, जनरल ग्रेड पाहिजे तर मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स पण. माझ्या वेळी वीस वर्षांच्या लायसन्सची फी हजार रुपये होती. व्हीयू२ ने सुरू होणारा कॉलसाइन दिसला की सहसा जनरल, व्हीयू३ म्हणजे रिस्ट्रिक्टेड. गड-किल्ल्यावर किंवा जंगलाच्या हद्दीत बसायचं तर परवानगी काढतो, आणि जो हॅम तटबंदीच्या चिऱ्यात मेख ठोकेल त्याचा पोल मी स्वतः उपटून टाकेन, हे आमच्याच लोकांसाठी लिहितोय.

डोंगरावरून खेळायचे पण कार्यक्रम आहेत बरं का. समिट्स ऑन द एअर म्हणून २००२ ला ब्रिटनमध्ये सुरू झालं, त्यात शिखरावर स्वतःच्या पायाने शेवटचा टप्पा चढायचा, गाडीत बसून किंवा गाडीच्या बॅटरीवर चालत नाही, आणि चार जणांशी बोललं की शिखराचे पॉइंट. पार्क्स ऑन द एअरला दहा जण लागतात. अमेरिकेत जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी फील्ड डे असतो, १९३३ पासून, गावोगावचे क्लब मैदानात तंबू ठोकून जनरेटरवर, बॅटरीवर चोवीस तास बोलतात, गावातले लोक पोराबाळांना घेऊन बघायला येतात. आपल्याकडे ट्रेकर एवढे, शनिवारी कळसूबाईवर पाय ठेवायला जागा नाही, १६४६ मीटर, महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा, आणि त्या गर्दीत अँटेना क्वचितच कुणाकडे. खंत आहे ही.

पैशाचं सगळे विचारतात. नवीन १०० वॅटचा जपानी रिग लाखाच्या घरात जातो, पाठीवर न्यायचा दहा वॅटचा आयकॉम ७०५ पण स्वस्त नाही, बाहेरून मागवायचा तर कस्टम आणि परवानगीचे कागद वेगळे. पण एवढ्याने कुणी हात टेकू नये. हैदराबादचे अशहर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी २००३ मध्ये बिटएक्स नावाचा २० मीटरचा रिग डिझाइन केला, अट एकच की आपल्याकडच्या दुकानात साध्या माणसाला जे मिळतं त्यातच झाला पाहिजे. कॉइल गुंडाळायला बाहेरचे टोरॉइड (गोल कड्या) मिळत नाहीत ना, मग नळाचे वॉशर! प्लंबरच्या दुकानातला वॉशर घ्यायचा आणि त्यावर एनॅमलची तार मोजून गुंडाळायची. जगभरच्या हॅमनी तो बनवला, पुढे त्याची बिटएक्स ४०, मायक्रो बिटएक्स अशी किट्स आली. एक भारतीय डिझाइन अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत लोकांच्या टेबलावर आहे आणि आपल्याकडे शेजाऱ्याला माहिती नाही. मी पुण्याला गेलो की तपकीर गल्लीत एक चक्कर ठरलेली असते, रेझिस्टर, कनेक्टर, फेराइट काय मिळेल ते, बायको तोपर्यंत तुळशीबागेत. दोघांचा खर्च बघता माझा कमीच असतो हे इथे नमूद करतो.

आता आपत्तीचं. मला ते नको आहे असं अजिबात नाही, भुजला २००१ मध्ये काय काम झालं ते आम्ही ऐकलंय सीनियर लोकांकडून. पण अंदमानची गोष्ट पूर्ण सांगा ना मग. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरमधून जे हॅम स्टेशन चालू झालं ते भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, आणि त्यांच्या बरोबरच्या टीमचं. फोन बंद, लाइट नाही, आणि त्यांनी रेडिओवरून लोकांचे निरोप मेनलँडला पोचवले. हे सगळ्यांनी छापलं. पण त्या तिथे होत्या कशाला? डीएक्सपेडिशनला! म्हणजे हॅमच्या यादीत अंदमान हा वेगळा देश धरतात, तिथून वर्षानुवर्षं हॅम रेडिओवर कुणी बोललेलं नव्हतं, जगभरातले हॅम त्या एका देशाच्या टिकमार्कसाठी तळमळत होते, म्हणून परवानगी मिळवून ही टीम त्याच महिन्यात मुद्दाम तिथे जाऊन हजारो लोकांना कॉन्टॅक्ट देत बसली होती. शुद्ध हौस. ती हौस नसती तर त्या सकाळी तिथे ना रेडिओ असता ना अँटेना ना पाइलअपमध्ये (एकदम हाका मारणाऱ्यांच्या गर्दीत) तासन् तास कान तयार झालेली बाई. अनोळखी जागी तासाभरात अँटेना उभी करणं, बॅटरी पुरवून वापरणं, गोंगाटातून एकेक अक्षर बरोबर टिपणं, हे कुठल्या ट्रेनिंग कॅम्पात दोन दिवसांत येत नाही, दरवर्षी स्पर्धेत ४८ तास बसून येतं. पूर आल्यावर आम्हाला बोलवायचं आणि एरवी या खेळाला रिकामटेकडेपणा म्हणायचं, हे बरोबर नाही.

आमच्यात सगळ्यांना स्पर्धा आवडते असंही नाही. शनिवारी सकाळी ४० मीटरवर निवांत गप्पा मारणारे ज्येष्ठ मंडळी आहेत, स्पर्धेच्या दिवशी त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर कुणीतरी येऊन बोंबलायला लागतो आणि त्यांचं डोकं फिरतं, त्यात आपल्याला ४० मीटर मिळतो ७.० ते ७.२ एवढाच. त्यांचा राग रास्त आहे. पण ३०, १७ आणि १२ मीटर हे तीन बँड जगभर स्पर्धांपासून मोकळे ठेवलेत ते त्यांच्यासाठीच, तिकडे जाऊन बघा म्हणतो मी, तर म्हणतात तिकडे आपलं कुणी नसतं. यावर आमच्या ग्रुपवर दरवर्षी भांडण होतं, यंदाही होईल.

आणि हा खेळ नाही म्हणणाऱ्यांनी डब्ल्यूआरटीसी, म्हणजे वर्ल्ड रेडिओस्पोर्ट टीम चॅम्पियनशिप, बघावं. साधारण दर चार वर्षांनी, ऑलिंपिकसारखी जागतिक स्पर्धा, १९९० ला सिएटलला सुरू झाली. दोघादोघांच्या टीम, आधी वेगवेगळ्या स्पर्धांतून पात्र ठरलेल्या. सगळ्यांना सारखे तंबू, सारख्या अँटेना, १०० वॅटची मर्यादा, जनरेटर. मोकळ्या शेतात, २४ तास. कॉलसाइनसुद्धा सुरू व्हायच्या जरा आधी बंद पाकिटातून मिळतो, म्हणजे मित्रांना आधी सांगून ठेवायला नको. २०१८ ला जर्मनीत विटेनबर्गजवळ झाली ती लिथुआनियाच्या जोडीने मारली, केवढासा देश. पुढची कोविडमुळे पुढे ढकलून २०२३ ला इटलीत बोलोन्याला झाली. जागतिक स्पर्धा म्हणजे शेवटी पोर्टेबल स्टेशनच आहे, शेतातला तंबू आणि त्यात दोन माणसं.

तर मागणी छोटीच आहे. ऑक्टोबरच्या त्या शनिवार-रविवारी खेळाच्या पानावर कोपऱ्यात चार ओळी द्या की ही स्पर्धा चालू आहे. निकाल आले की महाराष्ट्रातलं कोण कितवं आलं ते द्या, निकाल जाहीर असतात, कुणालाही बघता येतात. आणि जमलं तर तुमचा एखादा पोरगा-पोरगी पाठवा आमच्याकडे सड्यावर, क्रीडा प्रतिनिधी पाठवा, आपत्तीवाला नको. शुक्रवारी रात्रीच वर या, पहाटे साडेपाचला सुरू होतं आणि अंधारात पायवाट सापडत नाही. स्वेटर आणा, चहाची सोय आमच्याकडे आहे. लॅपटॉपचा चार्जर मात्र लागेल असं समजू नका, तिथे प्लग नाही, आणि पॉवर बँक आणलीत तर ती अँटेनापासून वीस-पंचवीस फूट लांबच ठेवायला लागेल, त्यावरून आमच्यात याआधी एकाशी वाद झालेला आहे.

आपला,
एक वाचक (आणि व्हीयू३), सातारा
(नाव व कॉलसाइन छापू नये ही विनंती, जागा कुठली ते ऑफिसला वेगळं कळवलंय)